हात वर आहेत त्याचे

आमच्या बँजो पार्टीच्या टेम्पोवर नवश्यादादा जिथं बसायचा, तिथून त्याला एकाही लग्नातला नवरा कधी धड दिसला नाही. त्याच्या ड्रमसेटच्या पुढे दोन मोठे स्पीकर उभे असत आणि त्यांच्यामधे वीतभर फट. त्या फटीतून खाली बघितलं की दिसायचे ते फक्त नाचणाऱ्यांचे पाय. एवढी वर्षं त्याने माणसं पायांवरूनच ओळखली. "नवरीचा भाऊ आला वाटतं," तो मला म्हणायचा, "नवे बूट हायेत आणि नाचायची लाज." मी स्पीकरच्या बाजूने मान काढून बघायचो, तर खरंच भाऊ असायचा.

मी त्याच्या शेजारी कीबोर्ड वाजवायचो. आमच्या पाड्यातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा मी, आणि हे मी कुठेही छाती काढून सांगतो. डहाणूच्या कॉलेजात बीए करताना मे महिन्याच्या लग्नसराईने माझं वर्ष निघायचं. पार्टीतले बाकीचे मला नावाने हाक मारत. नवश्यादादा मात्र शेवटपर्यंत मला "कॉलेज" म्हणाला. "ए कॉलेज, स्केल खाली घे. गाणारा मरंल."

दिवसा तो चिंचणीच्या वाटेवर एका डायच्या कारखान्यात कामाला होता. दागिन्यांची नक्षी उठवायचे पोलादी ठसे तिथे बनतात. दिवसभर मान वाकवून छोट्या हातोडीने छिन्नीवर टकटक करायची. तिथला मुकादम त्याच्यावर सारखा वैतागलेला असायचा, कारण शेजारचे कारागीर नवश्याच्या टकटकीत अडकायचे आणि त्यांचा हात चुकायचा. शेवटी त्याला खिडकीपाशी एकट्याला बसवला. त्याला तेच हवं होतं. तिथं कानात वायर घालता यायची.

कानात काय असायचं, तर एकच अल्बम. ते कसं झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. डहाणू रोडला स्टेशनसमोर एका मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. नवश्यादादा तिथं गेला आणि म्हणाला, ड्रमची गाणी भर. दुकानदाराने काय समजून भरलं कोण जाणे, पण घरी येऊन बघतो तर नऊ गाणी, सगळी इंग्रजी, आणि गाण्यांना नावं नाहीत, नुसते एक ते नऊ आकडे. पहिल्या दिवशी त्याला वाटलं दुकानदाराने फसवलं. कार्ड परत द्यायला बसमध्ये बसला आणि वाटेत दुसऱ्यांदा ऐकलं. स्टेशन आलं तेव्हा तो दुकानात न जाता त्याच बसने परत फिरला.

कोणत्या बँडचं आहे हे मी पुढे कॉलेजच्या कॉम्प्युटरवर शोधून काढलं. परदेशातलं रॉक, पण नाचायचं नाही, बसून ऐकायचं. गाणी लांबलचक, एकाच गाण्यात चाल चार वेळा बदलणारी. मी मोठ्या अभिमानाने त्याला बँडचं नाव, ड्रमरचं नाव सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा "पहिलं", "तिसरं", "पाचवं" असंच म्हणत राहिला. फार तर स्वतः ठेवलेली नावं घ्यायचा. पहिलं म्हणजे "फाटक". त्यातला पायाचा ड्रम मालगाडी फाटकातून जाताना जमीन हलते तसा सुरू होतो, म्हणून. तिसरं म्हणजे "लंगडं". पाचव्याला नाव नव्हतं. पाचवं ते पाचवं.

गाण्यांचे शब्द काय आहेत, हे एकदा त्याने मला विचारलं. मी डिक्शनरी घेऊन बसलो. इंग्रजी माझं तेव्हा काही फार नव्हतं, पण दोन रविवार खर्चून पाचव्याचा अर्थ लावला. सांगितलं की माणूस रिकाम्या घरात बसलाय, कोणीतरी येईल म्हणून वाट बघतोय आणि कोणी येत नाही.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"मग दोन रविवार कशाला घालवलेस? ड्रमवाल्याने पहिल्याच मिनिटाला सांगितलंय ते."

त्याचं म्हणणं पटायला मला ते गाणं त्याच्या बरोबर ऐकावं लागलं. टेम्पो लग्नघरी लागला की स्पीकर जोडेपर्यंत थोडा वेळ मिळायचा. एक वायर त्याच्या कानात, एक माझ्या. पाचव्यात सुरुवातीला गिटार एकटी वाजते. गाणारा येतो, गातो, थांबतो. ड्रमवाला बराच वेळ काहीच करत नाही. फक्त डाव्या पायाने हायहॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या त्या दोन थाळ्या, हळूच मिटतो. चिक. मग बऱ्याच वेळाने परत, चिक. मी म्हटलं, हा तर वाजवतच नाही.

"थांबलाय. थांबलाय म्हणजे झोपला नाय," नवश्यादादा म्हणाला. "हात वर आहेत त्याचे."

"तुला कसं दिसलं?"

"ऐक ना नीट. हात खाली असते तर गिटारवाला एवढा भिऊन वाजवला असता काय?"

मी परत ऐकलं, आणि खरं सांगतो, तेव्हापासून मला ते गाणं दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ऐकूच येत नाही. गिटार खरंच भ्यालेली आहे. कोणीतरी डोक्यावर काठ्या उचलून बसलंय आणि मारत नाहीये. आपलीच पाठ ताठ होते. आणि मग जेव्हा तो येतो, तेव्हा जोरात येत नाही, हे सगळ्यात मोठं. आपल्याला वाटतं आता फोडणार, आणि तो स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या चपट्या ड्रमवर, इतका हलका पडतो की चिंच फोडल्यासारखा आवाज येतो. नवश्यादादा प्रत्येक वेळी त्या जागी डोळे मिटायचा आणि पुटपुटायचा, "हरामखोर." एवढ्या प्रेमाने ती शिवी मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

त्याला एकच पाहिजे होतं. पाचवं एकदा खऱ्या ड्रमसेटवर, माणसांपुढे वाजवायचं. आणि अडचण हीच होती की सेट त्याचा नव्हता. सेट, स्पीकर, टेम्पो, जनरेटर सगळं हसमुखशेठचं. नवश्याच्या मालकीच्या फक्त दोन काठ्या. सेट मिळायचा तो लग्नात, आणि लग्नात वाजवायचं ते लोकांचं.

लंगड्याने घोटाळा केला. आपली सगळी नाचायची गाणी चारांत चालतात. एक, दोन, तीन, चार, परत एक. तिसऱ्या गाण्यात हा परदेशी सात मोजतो. माणसाला पाय दोन. त्यामुळे एका फेरीत "एक" डाव्या पायावर पडला तर पुढच्या फेरीत उजव्यावर पडतो. बसथांब्यापासून घरापर्यंत चालताना नवश्यादादाला हे कळलं आणि तो खुळावला. रस्त्याने सातांत चालायचा. समोरून येणारे समजायचे की घेऊन आलाय.

झाईला कोळीवाड्यात लग्न होतं. मामाने नवऱ्याला खांद्यावर घेतलेलं, सगळे उड्या मारताहेत, आणि ऐन रंगात नवश्याचा हात घसरून लंगड्यात गेला. मुद्दाम नाही. सकाळपासून कानात तेच होतं. मी कीबोर्डवर चार धरून बसलोय, तो सातांत गेलाय, आणि खाली मामाचे पाय एकमेकांत. मामा गुडघ्यावर आला, नवरा पुढच्या माणसांवर पडला आणि त्याची मुंडावळी तुटली. लागलं कोणालाच नाही, पण मुंडावळी तुटली म्हटल्यावर बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली आणि पुरुषांच्या बाह्या वर गेल्या.

"आ शुं वगाड्युं?" शेठ ओरडला. म्हणजे हे काय वाजवलंस. रागावला की तो गुजरातीत जायचा. मग मराठीत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नवश्या, लोक पडले. परत सात वाजवलं ना, तर सेट खाली उतरेल. ड्रमचं मशीन मी बघून ठेवलंय. बटण दाबलं की चारच वाजतं."

हे सगळ्या पार्टीसमोर झालं. नवश्यादादाने मान खाली घालून स्नेअरचा स्क्रू पिळला, जो आधीच घट्ट होता.

त्यानंतर त्या सराईत तो वाजवायचा ते बघवत नव्हतं. एकही ठोका चुकायचा नाही, आणि एकही त्याचा नसायचा. मशीनच्या भीतीने माणूस मशीनसारखा वाजवत होता. शेठ खूश होता. मी विचारलं, दादा, पाचवं ऐकतोस ना? तर म्हणाला, सराई संपू दे.

सराईतलं शेवटचं लग्न उधव्याला होतं. मुलगी उधव्याच्या एका पाड्यावरची, वऱ्हाड हद्दीपलीकडून गुजरातमधून आलेलं. शेठने त्या दिवशी मशीनही टेम्पोत आणलं होतं आणि स्वतःच्या पायाशी ठेवलं होतं. नवश्यादादाने चढताना ते बघितलं.

संध्याकाळी, उन्हं उतरली तशी मुलीकडची माणसं अंगणात फेराला उभी राहिली. एकमेकांच्या कमरेला हात, अर्धगोल साखळी, आणि टोकाला एक म्हातारा हातात घुंगरांची काठी घेऊन. पूर्वी हा फेर तारप्यावर, भोपळ्याच्या त्या लांब पुंगीवर, चालायचा. आता तारपावाला मिळाला नाही की आमच्यावरच भागवतात, पण नियम तारप्याचेच पाळतात. वाद्याला पाठ दाखवायची नाही, आणि वाजतंय तोवर साखळी सोडायची नाही. मी याच भागातला, मला हे सांगावं लागत नाही. नवश्यादादालाही नाही. शेठला मात्र याचं काही नव्हतं. तो व्यापारी माणूस.

वऱ्हाडातल्या तरण्या पोरांना फेर नको होता. त्यांना डीजेचं गाणं हवं होतं. दोनदा येऊन सांगून गेले. तिसऱ्यांदा सात-आठ जण सरळ फेरात घुसले आणि मधोमध साखळी तुटली. एका बाईला धक्का लागला. तिचा नवरा पुढे झाला. कोणीतरी कोणाची कॉलर धरली.

नवश्यादादाला यातलं काही दिसत नव्हतं. तो फटीतून पाय बघत होता. मला हळूच म्हणाला, "कॉलेज, अनवाणी पाय मागं चाललेत. बूट पुढं येतात. टाचा उचलल्यात सगळ्यांनी."

मी मान काढून बघितलं. मांडवाच्या कडेचा बांबू उपटायला दोघे वाकले होते. बँजोवाला थांबला. गाणाऱ्याने माइक खाली ठेवला. माझी बोटं आपोआप उचलली गेली. शेठ टेम्पोच्या बाजूने हाताने कापल्याची खूण करून सांगत होता, बंद कर, बंद कर. ड्रायव्हरने चावी फिरवली होती. शेठचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. एक दगड आला असता तर त्याची सगळी कमाई फुटली असती.

नवश्यादादाने शेठकडे बघितलं. मग फटीतून पायांकडे बघितलं. थांबला नाही. पण जोरही लावला नाही, उलट कमी करत गेला. किक, म्हणजे पायाचा ड्रम, सोडला. बाजूचे गोल टॉम सोडले. स्नेअर सोडला. शेवटी डाव्या पायाने हायहॅट तेवढा मिटत राहिला. चिक. आणि दोन्ही काठ्या त्याने डोक्याच्या वर उचलून धरल्या.

स्पीकरच्या वरून अंगणातून त्याचे फक्त हात दिसत होते. मनगटं आणि काठ्या. बाकी माणूस नाही.

चिक.

हे काय आहे ते तिथे मला एकट्याला माहीत होतं. तो पाचव्यात गेला होता. सगळ्या जगातली हीच वेळ सापडली त्याला. शेठ खालून पत्रा वाजवत होता, नवश्या, उतर. हात तसेच वर.

चिक.

आधी मुलीकडची माणसं थांबली. वाद्य बंद पडलेलं नव्हतं. साखळी तुटली होती, पण सोडलेली नव्हती, आणि पाठ फिरवून भांडायला जायचं म्हणजे वाद्याला पाठ दाखवायची. ती तशीच वळून उभी राहिली, टेम्पोकडे तोंड करून, हातांकडे बघत. समोरचे भांडायला तयार आणि हे दुसरीकडेच बघताहेत, म्हणून वऱ्हाडाची पोरंही काय आहे ते बघायला वळली. बांबू धरलेला एक जण बांबूसकट वळला. सगळ्यांना एकच वाटत होतं, आता मारणार. तो मारत नव्हता. आता त्याने चारांत धडाका लावला असता, तर पोरं उसळली असती आणि बांबू कामाला आला असता, हे मला कळत होतं. त्याला माझ्याआधी कळलं असणार.

म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. घुंगरं वाजली.

नवश्यादादा स्नेअरवर पडला. चिंच फोडल्यासारखा, तितकाच. आणि लंगडं सुरू केलं, सातांत, इतकं हळू की ऐकायला लोकांना गप्प बसावं लागलं.

झाईचं सगळं डोळ्यांपुढे आलं. पण म्हाताऱ्याने दोन फेऱ्या नुसतं ऐकलं, आणि तिसरीला सहा पावलं टाकली आणि सातव्यावर पाऊल न टाकता काठी आपटली. सहा पावलं, एक काठी. पाय बदलायचा प्रश्नच उरला नाही. "एक" दर वेळी त्याच पायावर. त्याच्या शेजारचीने धरलं, तिच्या शेजारच्याने धरलं, आणि तुटलेली साखळी मधे उभ्या असलेल्या बूटवाल्यांना वळसा घालून परत जुळली. ते आत अडकले. एकाने लाज राखायला दोन पावलं टाकली आणि अडखळला. ज्या बाईला धक्का लागला होता ती जाता जाता त्याला म्हणाली, "आधी बूट काढ बाबा. मग शिकवते."

लोक हसले. बांबू घेतलेल्याने तो परत खड्ड्यात रोवला आणि पायाने माती दाबली. वऱ्हाडातली दोन पोरं खरंच बूट काढून साखळीत शिरली. नवश्यादादा फटीतून बघत होता आणि त्याचं तोंड असं झालं होतं की मी नजर दुसरीकडे वळवली. वाजवत्या माणसाकडे तसं बघू नये.

लग्न पार पडलं. परत येताना तलासरी नाक्यावर शेठने टेम्पो चहाला थांबवला. नवश्यादादाला त्याने स्वतः ग्लास आणून दिला. मग म्हणाला, "भांडण थांबवलंस. मानतो मी. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं."

नवश्यादादाने चहावर फुंकर घातली.

"पण मी बंद कर बोललो आणि तू बंद केलं नाही. दगड आला असता तर? टेम्पो माझा आहे, नवश्या. मला बंद कर बोललं की बंद होणारा पाहिजे."

मी मधे पडलो. भांडलोच म्हणा. शेठला म्हटलं, वाद्य बंद झालं असतं तर टेम्पो राहिला असता काय? पाड्यावरच्या रीतीची बात सांगितली. शेठने सगळं ऐकलं, आणि मी बरोबर बोलतोय असंही म्हणाला. पण निर्णय बदलला नाही. पुढच्या सराईला टेम्पोवर मशीन आलं. ते खरंच चारच वाजवायचं आणि शेठने बोट उचललं की बंद व्हायचं.

नवश्यादादाने त्या दिवशी नाक्यावर एवढंच विचारलं, "काठ्या माझ्या हायेत ना?"

"तुझ्याच."

त्याने त्या पँटच्या मागे खोचल्या, शर्ट वर ओढला आणि चहा संपवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कॉलेज, म्हाताऱ्याने सातवा कुठं टाकला बघितलास? त्या परदेशी ड्रमवाल्याला सांगायला पाहिजे." आणि हसला. त्याच्या घरापर्यंत आम्ही त्याच एका ठोक्यावर बोलत गेलो. मशीनचा विषय त्याने काढला नाही, मलाही काढू दिला नाही.

पुढे मी पदवीधर झालो, तलासरीला नोकरीला लागलो आणि कीबोर्ड सुटला. नवश्यादादाने दुसऱ्या दोन पार्ट्यांत विचारून बघितलं असं कानावर आलं. सगळीकडे मशीन आलं होतं. तो डायच्या कारखान्यातच राहिला, खिडकीपाशी.

मागच्या हिवाळ्यात मी डहाणू रोडला उतरलो. स्टेशनबाहेर झाईची बस सुटायच्या तयारीत उभी होती, आणि खिडकीत नवश्यादादा. केस पांढरे झालेले, कानात तीच वायर. मी खालून हाक मारली. बसचं इंजिन चालू, त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. खिडकीवर थाप मारायला हात उचलला आणि थांबलो.

त्याचे डोळे मिटलेले होते. पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्याच्या वर, चार बोटं अंतर ठेवून, त्याने दोन्ही हात धरले होते. डाव्या पायाची टाच तेवढी बऱ्याच वेळाने एकदा उचलून पडत होती. शेजारचा माणूस त्याच्याकडे बघत होता आणि जरा सरकून बसला होता.

कंडक्टरने बेल दिली. बस वळण घेऊन बाहेर पडली, आणि वळताना ती खिडकी पुन्हा एकदा माझ्यासमोर आली. हात अजून वर होते.